एल बघणे

बाबांचा लॅपटॉप बटण दाबल्यापासून कामाला लागेपर्यंत आठ मिनिटं घ्यायचा आणि गंमत म्हणजे इतकी वर्षं त्याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. नौपाड्याच्या घरी त्यांचा नेम ठरलेला. उठायचं, चहा, लॅपटॉपचं बटण दाबायचं आणि आंघोळीला जायचं. तिथे पाण्याला प्रेशर नाही, बादली भरायलाच सहा-सात मिनिटं, त्यामुळे बाबा पंचा गुंडाळून बाहेर येईपर्यंत लॅपटॉप पण आवरून बसलेला असायचा. मग मार्चमध्ये बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली, आईबाबा घोडबंदर रोडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये आले, चौदावा मजला, शॉवरला धबधब्यासारखं पाणी. बाबा चार मिनिटांत बाहेर आणि लॅपटॉपचं ते निळं कडं अजून गोल गोल फिरतंय.

"हा फार हळू झालाय गं," बाबा म्हणाले.

तो होता तस्साच होता, बाबाच फास्ट झाले होते. पण हे मला फार नंतर सुचलं, तेव्हा मी आपली "हो हो, जुना झालाय, बघते" म्हणून मोकळी झाले. मी महापेला सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, आणि घरात एक माणूस कॉम्प्युटरवर नोकरी करतो म्हंटल्यावर वायफायपासून मिक्सरपर्यंत सगळं त्यालाच विचारायचं असतं, त्याला इलाज नाही. लॅपटॉपचं पोट मी त्याआधी एकदाही उघडलेलं नव्हतं.

नवीन घेऊन टाका असं भाऊ पुण्याहून फोनवर म्हणाला. तेही करून झालं असतं, पण बाबांचं म्हणणं, "नव्यात माझी अक्षरं आहेत का?" आणि ते खरंच आहे. हा लॅपटॉप २०१४ ला घेतला तेव्हा त्यात विंडोज ८.१ होतं, ते लाद्या लाद्या दिसणारं, बाबांना ते एक दिवस पण झेपलं नाही, आणि त्यांचं जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर त्यावर चालेना, म्हणून दुकानातल्या मुलाकडून ते काढून विंडोज सेव्हन घालून घेतलं. त्यांच्या ज्येष्ठ नागरिक संघाचा त्रैमासिक अंक निघतो, त्याचं सगळं टायपिंग गेली कितीतरी वर्षं बाबा करतात. ते सॉफ्टवेअर युनिकोडच्या आधीचं. म्हणजे आतमध्ये खरं तर रोमन अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात, वरून फॉन्ट त्यांना क, ख, ग चे कपडे घालतो. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाईल उघडा, 'संपादकीय' च्या जागी डॉलर, कंस, उलटे स्वल्पविराम असली खिचडी दिसते. नौपाड्यातल्या प्रेसच्या डीटीपी ऑपरेटरकडे तोच फॉन्ट आहे, बाबा पेनड्राईव्हवर फाईल नेतात, तो पेजमेकरात लावतो, काम होतं. त्या सॉफ्टवेअरची सीडी हरवली, ज्याने विकलं त्याचं दुकान बंद झालं. तेव्हा नवीन विंडोज टाकून कोरं करकरीत करायचं हा रस्ताच बंद. आहे ते जसंच्या तसं उचलून नव्या डिस्कवर ठेवायचं, ज्याला क्लोन म्हणतात. आणि हो, विंडोज सेव्हनचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला हे मला माहितीये, म्हणून तो लॅपटॉप इंटरनेटला जोडतच नाही, पेनड्राईव्ह मात्र मी तपासून देते.

तर सामान आणलं. २५६ जीबीचा एसएसडी, म्हणजे ती नवी वेगवान डिस्क, आठ जीबीची रॅमची, म्हणजे मेमरीची, पट्टी, आणि एक सीआर २०३२ सेल, तो आपला घड्याळात असतो तसा चपटा तीन व्होल्टचा. सेल घ्यायचं कारण एवढंच की लॅपटॉपचं घड्याळ दहा-बारा मिनिटं मागे पडायला लागलं होतं आणि म्हंटलं उघडतोच आहोत तर बदलून टाकू, साठ-सत्तर रुपयांची तर गोष्ट.

शुक्रवारी रात्री ऑफिसमधून थेट तिकडे गेले, एसएसडी केबलने यूएसबीला जोडून क्लोन लावून ठेवला. प्रोग्रॅमने विचारलं काय काय कॉपी करू. वर एक शंभर एमबीचं बारकं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा पाडलेला कप्पा, होतं, 'सिस्टीम रिझर्व्ह्ड' असं काहीतरी नाव, खाली सी ड्राईव्ह. म्हंटलं बाबांचं सगळं सी मध्येच आहे, ते शंभर एमबी कशाला हवंय, त्याची टिक काढली. हे लक्षात ठेवा.

शनिवारी सकाळी बाहेर धो धो पाऊस. डायनिंग टेबलवर जुना पेपर अंथरला, लॅपटॉप पालथा घातला. तेरा स्क्रू निघाले, ते ठेवायला आईचा मिसळणाचा डबा घेतला. सात वाट्या, प्रत्येकीत एका लांबीचे स्क्रू, मला वाटतं ह्या कामासाठी यापेक्षा चांगली वस्तू जगात नाही, आईचं मत वेगळं होतं. डिस्क काढली, एसएसडी बसवला, रॅमची जुनी पट्टी काढून नवी खटकन बसवली, सेल बदलला, झाकण लावलं. पाऊण तास. बाबा मागे हात बांधून उभे.

बटण दाबलं. पंखा फिरला. स्क्रीन काळी.

कॅप्स लॉकचा दिवा मात्र तीनदा लुकलुकायचा, थांबायचा, परत तीनदा. रॅम बदलल्यावर पहिल्या वेळी मशीन नव्या पट्टीशी जुळवून घेत बसतं, थोडा वेळ जातो, हे वाचलेलं होतं, म्हणून पाच मिनिटं थांबले. बाबांना वाटलं मी काहीतरी करतेय. मी काहीच करत नव्हते.

नंतर वाचून कळलं ते इथेच सांगते. कॉम्प्युटर चालू झाला की सगळ्यात आधी स्वतःचे हातपाय तपासतो. प्रोसेसर आहे, मेमरी आहे, कीबोर्ड आहे. आमचे आजोबा डोळे उघडले की अंथरुणातच हात समोर धरून कराग्रे म्हणायचे, तळहात नीट बघायचे आणि मगच पाय जमिनीला लावायचे, तसंच. १९८१ ला आयबीएमचा पहिला पीसी आला तेव्हापासून ही पद्धत आहे, सगळं ठीक असेल तर एक बारीक बीप. ठीक नसेल तर त्याची पंचाईत अशी की स्क्रीनवर अक्षर उमटवायचं तरी मेमरी लागते, आणि मेमरीच नाही म्हंटल्यावर तो बोलणार कसा, म्हणून मग दिवे लुकलुकवतो नाहीतर बीप देतो. प्रत्येक कंपनीची खूण वेगळी. आमच्या मॉडेलमध्ये तीनदा म्हणजे रॅम. हे मला गूगल करून कळेपर्यंत मी पट्टी दोनदा काढून खोडरबरने तिचे सोनेरी दात घासून झाले होते. (खोडरबरने घासू नये, सोन्याचा मुलामा जातो, असं जाणकार म्हणतात. ठाण्यात तरी सगळे घासतात.)

म्हणून जुनी पट्टी परत लावली. स्क्रीन लागली! लोगो आला, एक काहीतरी तारीख-वेळेबद्दलचा मेसेज आला, तो मी घाईत एंटर मारून घालवला, आणि मग काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत, बूट करण्याजोगं, म्हणजे ज्यावरून सुरू होता येईल असं, डिव्हाइस सापडत नाही. ठीक आहे, क्लोन नीट झाला नसणार. परत तेरा स्क्रू, एसएसडी काढला, बाबांची जुनी डिस्क जशी होती तशी लावली. बटण दाबलं.

तोच मेसेज.

इथे पोटात गोळा आला. कारण आता रॅम जुनी, डिस्क जुनी, म्हणजे काल रात्री होता तोच लॅपटॉप, आणि तरी चालत नाही. म्हणजे मी काहीतरी बिघडवलंय. डिस्क हातातून निसटली का, कुठे आपटली का, आठवून आठवून बघितलं. बाबांनी "काय झालं?" विचारलं तर मी "काही नाही" म्हंटलं आणि त्यांनी पुढे विचारलं नाही, ते जास्त लागलं. गुरुपौर्णिमेचा अंक अर्धा टाईप झालेला आत होता.

डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला केबलने लावली तर सगळे फोल्डर जागच्या जागी. अंक, वर्गणी, श्रद्धांजली, सहली. उघडलं की खिचडी, पण ती तर असणारच. म्हणजे डिस्क धडधाकट. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये गेलं तर तिथे डिस्कचं नाव पण नीट दिसतंय. नाव वाचतोय आणि वर म्हणतोय, कोणी नाहीये घरात. स्टेशनजवळ एक लॅपटॉप दुरुस्तीवाले आहेत, त्यांना फोन केला, मी अजून अर्धंच सांगितलं होतं तोवर ते म्हणाले, "मदरबोर्ड गेला असेल ताई, घेऊन या." ह्या लाईनमध्ये मदरबोर्ड जायला फार वेळ लागत नाही असं दिसतं. मी काही गेले नाही, पावसाचं निमित्त सांगून तिथेच राहिले, रात्री नवऱ्याला ऐरोलीला फोन करून सांगितलं की कुकर लावून घे, मी उद्या येते.

रविवारी सकाळी चहाला बाबा म्हणाले, "तू नक्की काय काय बदललंस?"

"दोनच गोष्टी. आणि दोन्ही परत जुन्या लावल्यात."

"आणि सेल?"

"सेल काय बाबा, तो घड्याळाचा असतो."

बाबा काही बोलले नाहीत. ते चहाचा कप ठेवून आतल्या खोलीत गेले, जिथे नौपाड्याहून आलेले खोके अजून तसेच रचलेले आहेत, आणि खोके हलवायला लागले. तीन वर्षांनी परत जायचंय तर कशाला सगळं उघडायचं असं आईचं म्हणणं, त्यामुळे निम्म्याहून जास्त बंदच. प्रत्येक खोक्यावर बाबांच्या अक्षरात मार्करने लिहिलंय. 'पुस्तके ५'. 'देव, नाजूक'. 'किरकोळ १', 'किरकोळ २'. मी म्हंटलं, काय शोधताय ते तरी सांगा. तर म्हणे, "त्या मुलाने तेव्हा काय काय दाबलं होतं ते मी लिहून ठेवलंय."

बाबांना ही सवय आहे. गॅसचा सिलिंडर लावला की कॅलेंडरवर तारीख. ट्यूब बदलली की तिच्या पट्टीवर पेन्सिलीने बारीक तारीख. मी आणि भावाने ह्यावरून त्यांची इतकी टर उडवलीये की विचारू नका. वही 'किरकोळ ३' मध्ये निघाली, लाईटच्या जुन्या बिलांखाली, निळी दोनशे पानी. त्यात २०१४ च्या एका पानावर वर 'लॅपटॉप' आणि खाली:

चालू करताच एफ टू दाबत राहणे. सिक्युअर बूट – बंद. बूट मोड – यूईएफआय काढून लेगसी. एफ टेन. होय. मुलगा हुशार, चहा दिला.

मी ते वाचलं आणि मला स्वतःचीच लाज वाटली. कारण मी रोज ऑफिसमध्ये नवीन पोरांना हेच सांगत असते, एका वेळी एकच गोष्ट बदला, मग टेस्ट करा, नाहीतर काय कशामुळे मोडलं ते कळणार नाही. आणि घरी येऊन मी एका बैठकीत तीन गोष्टी बदलल्या, त्यातली तिसरी तर बदल म्हणून मोजली पण नाही. जुनं सगळं परत लावलंय असं मी शपथेवर सांगितलं असतं. सेल तेवढा नवाच राहिला होता.

झालं असं होतं, की ह्या लॅपटॉपमधला तो चपटा सेल फक्त घड्याळ चालवत नाही, सेटिंग पण लक्षात ठेवतो. सेल काढला, लॅपटॉपची बॅटरी आणि चार्जर तर आधीच काढलेले, की सगळं विसरून तो कारखान्यातून आला तसा होतो. कारखान्यातून तो विंडोज ८.१ साठी आला होता, म्हणजे यूईएफआय, ही मशीन सुरू व्हायची नवी पद्धत, आणि सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीचंच काही सुरू होऊ देणारं कुलूप, दोन्ही चालू. विंडोज सेव्हनला सिक्युअर बूट चालतच नाही. आणि जुन्या लेगसी पद्धतीत मशीन डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइट्स वाचतं, त्याच्या शेवटी ठरलेली खूण आहे का बघतं, असेल तर ताबा तिथल्या छोट्याशा प्रोग्रॅमला देतं, तो पुढच्याला उठवतो, पुढचा त्याच्या पुढच्याला. यूईएफआयवालं मशीन तिथे बघतच नाही, ते डिस्कवर एक वेगळं छोटं पार्टिशन शोधतं ज्यात त्याच्यासाठी फाईल ठेवलेली असते. नवीन पोस्टमन आला, तो आपला टॉवरच्या खालच्या पत्रपेट्यांत नंबर शोधतोय, आणि आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये पत्र जिन्याखालच्या खिळ्याला लावायचं हे त्याला कोणी सांगितलंच नाही. माणूस घरात आहे, पाटीवर नाव पण आहे, पत्र परत.

तो तारखेचा मेसेज मी एंटर मारून घालवला होता ना, तो हेच सांगत होता. सेटिंगमध्ये तारीख १ जानेवारी २०१३ दिसत होती. मी ती बघितली होती आणि म्हंटलं होतं नंतर सेट करू.

बाबांनी वही वाचली, मी बटणं दाबली. एफ टू. बंद. लेगसी. एफ टेन. होय. जुनी रॅम, जुनी डिस्क, आणि तो विंडोज सेव्हनचा चार रंगांचा झेंडा हळूहळू उजळत आला. आठ मिनिटं लागली. बाबा आंघोळीला गेले.

त्याच्यापुढे मी शहाण्यासारखं केलं. रॅमला हातच लावला नाही, फक्त एसएसडी बसवला. आता नवीनच मेसेज, बूटएमजीआर इज मिसिंग. म्हणजे पोस्टमन आला, दारात उभा राहिला, पण दार उघडायला कोणी नाही. विंडोज सेव्हन सी ड्राईव्हमध्ये असतं खरं, पण त्याला उठवणारा माणूस त्या शंभर एमबीच्या बारक्या खोलीत झोपतो, आणि त्याची टिक मी काढली होती. परत क्लोन, ह्या वेळी अख्खी डिस्क, काहीही शहाणपणा न करता. दोन तास. मग एसएसडी लावला आणि बटण दाबल्यापासून पस्तीस सेकंदांत बाबांच्या नातवाचा फोटो स्क्रीनवर. आई स्वयंपाकघरातून बघायला आली, "एवढ्यात?" म्हणाली आणि मिसळणाचा डबा घेऊन गेली.

राहिली रॅम. जुनी पट्टी आणि नवी पट्टी शेजारी शेजारी ठेवली. दोन्हींना २०४ पिना, खाच एकाच ठिकाणी, लांबी एक. लेबलवर जुनीच्या 'पीसी३एल', नवीच्या 'पीसी३'. त्या एका एलचा अर्थ लो व्होल्टेज, दीड व्होल्टऐवजी १.३५ वर चालते. बाबांच्या लॅपटॉपमध्ये चौथ्या पिढीचा आय थ्री प्रोसेसर आहे, तो कमी व्होल्टेजचीच पट्टी घेतो. एलवाली पट्टी जुन्या दीड व्होल्टच्या मशीनमध्ये सहसा चालून जाते, उलटं मात्र नाही. ज्या दुकानातून घेतली त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. परत घ्यायला त्यांनी नाही म्हंटलं, पाकीट फोडलंय म्हणे. ते जाऊ दे.

पुढच्या शनिवारी लॅमिंग्टन रोडला गेले. ठाण्याहून दादर, दादरला पूल चढून पश्चिम रेल्वे, ग्रँट रोड. एका बोळात हातभर रुंद काउंटर, मागे छतापर्यंत डबे, माणसाने मान वर न करता विचारलं, "एलवाली की साधी?" मला इतकं बरं वाटलं की मी घासाघीस केलीच नाही, जे काही मानसशास्त्र असेल ते असो. येताना ग्रँट रोडच्या पुलावर पावसात उभी राहून पट्टी पर्समध्ये दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळली, नवजात बाळासारखी.

ती लावली, चालली, आठ जीबी दिसले. बाबा वही घेऊन बसले होतेच. पेनचं टोपण मागे खोचून म्हणाले, "सांग." मी सगळं सांगितलं, त्यांनी तारखेसकट लिहून घेतलं. सेल, सीआर २०३२. सेल काढल्यास मागील पान बघणे. रॅम, पीसी३एल. इथे थांबून विचारलं, एल म्हणजे काय, मी सांगितलं, तर कंसात लिहिलं, एल बघणे. खाली दोन रेघा मारल्या. जुनी चार जीबीची पट्टी एका रिकाम्या डबीत घालून डबीवर पण चिठ्ठी चिकटवली. मी ह्या वेळी टर उडवली नाही.

मंगळवारी सकाळी साडेसातला मी ऐरोली स्टेशनवर उभी, बाबांचा फोन. "अगं, परत बंद पडला. सगळं काळं झालंय."

माझ्या डोळ्यासमोर तेरा स्क्रू आले. नक्की काय केलंत विचारलं. तर काही नाही, नेहमीसारखंच. बटण दाबलं, आंघोळीला गेले, मग पंचा वाळत घालायला बाल्कनीत गेले, तिथून येऊरचे डोंगर आज अगदी स्वच्छ दिसत होते, ढग मध्येच अडकलेले, तर थोडा वेळ तिथेच उभे राहिले. आले तर काळं.

"बाबा, माउस हलवा."

मागे आईच्या कुकरची शिट्टी ऐकू आली. मग बाबा म्हणाले, "हां. आहे आहे."

गाडी आली म्हणून मी फोन ठेवत होते तर म्हणाले, "थांब, वही आणतो."